शिक्का मारण्याआधी जरा वाचा!



आपल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दिवसातून सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? ‘आउटपुट आलं का?’ ते बरोबर आलं का, आणि का आलं, हे प्रश्न मागाहून यायला हवेत. बहुतेक वेळा ते येतच नाहीत. आउटपुट आलं की प्रिंट काढायची, जर्नलला लावायची, सरांची सही घ्यायची आणि मेस बंद व्हायच्या आत पळायचं. सेकंड इयरच्या सी प्रोग्रॅममध्ये या सवयीने फारसं बिघडत नाही. वेबच्या प्रोजेक्टमध्ये मात्र बिघडतं, आणि तेही गुपचूप. मला या सवयीबद्दल बोलायचं आहे, आणि तिचं जणू बोधचिन्ह झालेल्या एका शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे ‘एचटीएमएल_सेफ’.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मंडळींनी लगेच पान उलटू नये. गोष्ट सोपी आहे. वेबसाइटचं पान म्हणजे शेवटी साधा मजकूर. त्यात मधेमधे ‘इथून ठळक’, ‘इथे लिंक’, ‘इथे पॅराग्राफ संपला’ अशा सूचना पेरलेल्या असतात. त्यांना टॅग म्हणतात. टॅग लेस-दॅनच्या खुणेने सुरू होतो आणि ग्रेटर-दॅनच्या खुणेने संपतो. ही खूण दिसली की ब्राउझर पुढची अक्षरं दाखवत नाही, तर पाळतो. म्हणजे निरोप आणि तो कसा वाचायचा याच्या सूचना, दोन्ही एकाच कागदावर आणि एकाच शाईने लिहिलेल्या. सगळी भानगड इथूनच सुरू होते.

आता ‘रुबी ऑन रेल्स’ घ्या. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन याने २००४ मध्ये बाहेर काढलेलं हे फ्रेमवर्क. गिटहब आणि शॉपिफाय यावरच उभे राहिले. सध्या आपल्याकडे रिॲक्ट आणि नोडचा बोलबाला आहे हे मान्य. पण मला जो मुद्दा मांडायचा आहे तो रेल्सवर फार स्वच्छ दिसतो, म्हणून उदाहरण त्याचंच घेते. रेल्समध्ये पानाचा साचा वेगळा असतो आणि त्यात पुन्हापुन्हा लागणारे एचटीएमएलचे तुकडे बनवणारी छोटी फंक्शन्स वेगळी असतात. त्यांना हेल्पर म्हणतात. समजा, कोणी हॉस्टेलच्या तक्रार नोंदणीचा प्रोजेक्ट करतंय. दर वर्षी एखादा तरी ग्रुप हा विषय घेतोच! त्यात तक्रारीची स्थिती रंगीत पट्टीत दाखवायची आहे, प्रलंबित असेल तर लाल आणि झाली असेल तर हिरवी. ही पट्टी बनवून देणारं फंक्शन म्हणजे हेल्पर.

हेल्पर लिहिला, पान उघडलं, आणि लाल पट्टीच्या जागी काय? स्पॅन, क्लास, कोटेशन मार्क, सगळा टॅग जसाच्या तसा अक्षरांत छापलेला! दुसऱ्या दिवशी ओरल. मग धावाधाव. सीनियर सांगतो, गूगल सांगतं, आता तर एआयचा चॅटबॉटही सांगतो, ‘शेवटी डॉट एचटीएमएल_सेफ लाव.’ लावलं. पट्टी लाल झाली. आउटपुट आलं!

माझं म्हणणं असं, की बहुतेक वेळा हा उपाय म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. टॅग अक्षरांत दिसणं हा बिघाड नव्हता. फ्रेमवर्क काहीतरी सांगत होतं आणि आपण त्याचं तोंड बंद केलं.

काय सांगत होतं? त्यासाठी थोडा इतिहास. रेल्स ३ ऑगस्ट २०१० मध्ये आलं. त्याआधी नियम असा होता की बाहेरून आलेला मजकूर पानावर टाकताना प्रोग्रॅमरने दर ठिकाणी आठवणीने ‘एच’ नावाचा चिमुकला हेल्पर लावायचा. तो काय करायचा? लेस-दॅन, ग्रेटर-दॅन, ॲम्परसँड, कोटेशन मार्क अशा खास खुणांच्या जागी त्यांची निरुपद्रवी रूपं ठेवायचा. त्यामुळे ब्राउझर त्या खुणा नुसत्या दाखवतो, पाळत नाही. याला एस्केप करणं म्हणतात. नव्याण्णव ठिकाणी ‘एच’ लावला आणि शंभराव्या ठिकाणी राहिला, तर तेवढं एक भोक पुरेसं असायचं. रेल्स ३ ने नियमच उलटा केला. जे जे पानावर जाईल ते सगळं एस्केप होणार, आणि एखादी गोष्ट सोडायची असेल तर प्रोग्रॅमरने तसं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. पायथनच्या जँगोने हेच २००८ मध्ये १.० आवृत्तीत केलं होतं.

म्हणजे पानावर टॅग अक्षरांत दिसले की रेल्स म्हणत असतं, ‘हा मजकूर नेमका कोणी लिहिलाय ते मला माहीत नाही, म्हणून मी तो ब्राउझरला पाळायला लावणार नाही, फक्त दाखवीन.’ यावर योग्य प्रश्न एकच आहे : खरंच, कोणी लिहिलाय? आपण मात्र विचारतो, याला गप्प कसं करायचं?

आता या ‘एचटीएमएल_सेफ’कडे नीट बघू. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे ॲड्जेक्टिव्ह आणि व्हर्ब यांतला फरक सिस्टर हातात पट्टी घेऊन शिकवायच्या. त्यामुळे मला या नावाची पहिल्यापासून शंका होती. ‘सेफ’ हे ॲड्जेक्टिव्ह आहे. पण डॉट टाकून मागे लावलं की ते व्हर्बसारखं वाटतं, जणू या स्ट्रिंगला सेफ कर अशी आज्ञा. प्रत्यक्षात ते काहीही करत नाही! एकही अक्षर बदलत नाही, एकही टॅग गाळत नाही. ते फक्त जाहीर करतं की हे सेफ आहे, माझ्या शब्दावर.

ॲडमिशनच्या वेळचे ‘अटेस्टेड ट्रू कॉपी’चे दिवस आठवा. मार्कशीटच्या झेरॉक्सवर गॅझेटेड ऑफिसरचा शिक्का आणि सही लागायची. आता बऱ्याच ठिकाणी ‘सेल्फ-अटेस्टेड’ चालतं. शिक्का मारल्याने खोटी मार्कशीट खरी होत नाही. शिक्का म्हणजे मारणाऱ्या माणसाची हमी, की मी मूळ कागद पाहिलाय. एचटीएमएल_सेफ हा तंतोतंत तसा सेल्फ-अटेस्टेशनचा शिक्का आहे. तो मारला की साध्या स्ट्रिंगची ‘सेफबफर’ नावाची खास स्ट्रिंग होते, आणि रेल्स तिला हात न लावता पानावर जाऊ देतं. ‘रॉ’ हा हेल्परही तोच शिक्का, फक्त नाव वेगळं. मूळ कागद न बघता शिक्का मारणाऱ्या ऑफिसरला आपण काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही. पण कोडमध्ये आपण सगळे तेच करतो.

हीच उपमा थोडी पुढे नेली की निम्मं ट्रबलशूटिंग आपोआप होतं. शिक्का मारलेल्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढली तर? अक्षर न् अक्षर तेच, शिक्क्याचं चित्रसुद्धा दिसतं, पण ती अटेस्टेड कॉपी राहत नाही. रेल्समध्ये सेफबफर उचलून कोटेशन मार्कमधल्या दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये घुसवली, म्हणजे इंटरपोलेट केली, की नवी साधी स्ट्रिंग तयार होते. ती झेरॉक्स. शिक्का गेला. तुकड्यांचा ॲरे साध्या ‘जॉइन’ने जोडला, शिक्का गेला. ‘जीसब’ने एखादा शब्द बदलला, शिक्का गेला, आणि जायलाच हवा, कारण बदललेल्या कागदाची हमी जुना शिक्का कशी देणार?

बेरजेची तर आणखी गंमत. सेफबफरमध्ये साधी स्ट्रिंग मिळवली तर ती साधी स्ट्रिंग आधी एस्केप होते, मग जोडली जाते, आणि उत्तर सेफबफरच राहतं. पण साध्या स्ट्रिंगमध्ये सेफबफर मिळवली तर उत्तर साधी स्ट्रिंग, आणि पानावर पूर्ण मजकूर एस्केप! एम-थ्रीमध्ये बेरीज कम्युटेटिव्ह असेल, इथे नाही. क्रम बदलला की निकाल बदलतो. हे एकदा समजलं की ‘काल चालत होतं, आज टॅग दिसतात, मी तर काहीच बदललं नाही’ या लॅबमधल्या नेहमीच्या रडगाण्यामागचं बरंचसं गूढ उकलतं.

म्हणून मी म्हणते, हेल्परचं आउटपुट चुकलं की आधी लक्षणं बघा, औषध नंतर. माझ्या पाहण्यात पाच लक्षणं पुन्हापुन्हा येतात.

पहिलं, टॅग अक्षरांत दिसणं. म्हणजे कुठेतरी शिक्का हरवलाय, किंवा मुळात नव्हताच. झेरॉक्सवर नवा शिक्का मारू नका, झेरॉक्स काढणंच टाळा. टॅग हाताने कोटेशनमध्ये लिहिण्याऐवजी ‘कंटेंट_टॅग’ वापरा. २०१७ च्या रेल्स ५.१ पासून ‘टॅग’ हा त्याहून सुटसुटीत हेल्परही आहे. यात टॅग फ्रेमवर्क लिहितं, आत जाणारा मजकूर एस्केप होतो, आणि तयार तुकड्यावर शिक्का फ्रेमवर्कच मारतं. मघाशी म्हटलं ना, निरोप आणि सूचना एकाच शाईने लिहिलेल्या असतात. कंटेंट_टॅग या दोन शाया वेगळ्या ठेवतं. हाताने लिहिलेल्या टॅगमध्ये कोणाचा तरी मजकूर घुसवून शेवटी एचटीएमएल_सेफ लावलं, तर तुम्ही टॅगबरोबर त्या माणसाच्या मजकुरालाही हमी दिलीत. तो कोण आहे हे माहीत नसताना!

दुसरं, काहीच न दिसणं. पान कोरं, एरर नाही. इथे शिक्क्याचा संबंधच नसतो. साच्यात टक्क्याच्या चिन्हापुढची बरोबरची खूण राहिली आहे का ते बघा. ती नसेल तर रुबी कोड चालवतं, पण छापत नाही. फॉर्म बनवणाऱ्या हेल्परना रेल्स ३ च्या आधी ही खूण लागत नव्हती आणि नंतर लागायला लागली, त्यामुळे फार जुनं ट्युटोरियल समोर ठेवणारे इथे हमखास अडकतात. हेल्परमध्ये कोणी ‘पुट्स’ लिहिलं असेल तर ते आउटपुट पानावर नाही, सर्व्हरच्या टर्मिनलवर सांडलेलं सापडेल. आणि रुबीत फंक्शन शेवटच्या ओळीची किंमत परत करतं. हेल्परमध्ये दोन ओळींवर दोन कंटेंट_टॅग लिहिले तर पहिला वाऱ्यावर जातो. शेवटच्या ओळीला ‘इफ’ जोडलेलं असेल आणि अट खोटी ठरली, तर हेल्पर चक्क निल परत करतो आणि पानावर शांतता.

तिसरं, चौकोनी कंस आणि स्वल्पविराम दिसणं. म्हणजे हेल्परने स्ट्रिंगऐवजी ॲरे परत केलाय. ‘मॅप’ केलं, पण तुकडे जोडले नाहीत. इथे बहुतेक जण ‘जॉइन’ लावतात. कंस जातात, पण शिक्काही जातो आणि पहिलं लक्षण हजर होतं. मग त्यावर एचटीएमएल_सेफ. एका औषधाचा त्रास घालवायला दुसरं औषध! ‘सेफ_जॉइन’ नावाचा हेल्पर नेमका यासाठीच आहे. तो ज्या तुकड्यांवर शिक्का आहे त्यांना तसंच ठेवतो, बाकीच्यांना एस्केप करून जोडतो. आणि ‘मॅप’ऐवजी ‘ईच’ लिहिलं असेल तर यादीच्या जागी मूळ, कच्चा डेटाच मिळतो, कारण ईच मूळ ॲरेच परत करतो, तुम्ही बनवलेले तुकडे नाही.

चौथं, ‘मेस & कॅन्टीन’ असं लिहिलेल्या जागी ॲम्परसँडच्या मागे एएमपी आणि सेमीकोलन असं शेपूट दिसणं. म्हणजे दोनदा एस्केप झालंय. एकदा कोणीतरी स्वतः केलं, मग त्याची झेरॉक्स निघाली, आणि शिक्का नसल्यामुळे रेल्सने पुन्हा केलं. इथे एक एस्केप कमी करायचा असतो. दोन्ही काढून टाकायचे नसतात.

पाचवं, एका नोटिशीनंतर खालचं सगळं पान ठळक होणं किंवा फूटर गायब होणं. लांब नोटीस ‘ट्रंकेट’ने कापताना बंद होणारा टॅग कापला गेला. ट्रंकेट स्वतःहून एस्केप करतो. म्हणजे कोणीतरी मुद्दाम ते बंद केलेलं असणार. आधी ‘स्ट्रिप_टॅग्ज’ने टॅग काढा, मग कापा. आणि नोटीस लिहिणाऱ्याच्या नव्या ओळी पानावर एकमेकींना चिकटत असतील, तर त्याला ‘सिंपल_फॉरमॅट’ आहे. तो ओळींना पॅराग्राफ करतो आणि जाता जाता नको ते टॅगही गाळतो.

या सगळ्यात दोन हत्यारं फुकट मिळतात आणि कोणी वापरत नाही. एक म्हणजे ब्राउझरमधलं ‘व्ह्यू सोर्स’, कंट्रोल आणि यू. ‘इन्स्पेक्ट’ नव्हे. इन्स्पेक्टमध्ये ब्राउझरने स्वतःच्या समजुतीने दुरुस्त केलेलं पान दिसतं. न बंद केलेले टॅग तो परस्पर बंद करतो. व्ह्यू सोर्समध्ये सर्व्हरने काय पाठवलं ते दिसतं. तक्रार सर्व्हरच्या कोडबद्दल असेल तर पुरावाही त्याचाच बघायला हवा ना! दुसरं म्हणजे रेल्स कन्सोल. तिथे ‘हेल्पर’ लिहून, डॉट टाकून आपलं फंक्शन चालवायचं आणि उत्तराचा ‘क्लास’ विचारायचा. स्ट्रिंग की सेफबफर, ॲरे की निल, दहा सेकंदांत कळतं. अंदाजाने वीस वेळा रिफ्रेश मारण्यापेक्षा हे नक्की स्वस्त.

आता तुम्ही म्हणाल, ‘काय राव, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. एक्स्टर्नलसमोर दहा मिनिटं चालला की झालं. कोण हॅक करणार?’ हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण यावर सहसा जे उत्तर दिलं जातं, की सिक्युरिटी महत्त्वाची असते वगैरे, ते कोणाला पटत नाही. मी वेगळं उत्तर देते.

हॅकर सोडा. आपल्या ब्रँचचा एक साधा, सरळ, सज्जन ज्युनियर विचार करा. तो आपल्या डाउट्सच्या पानावर लिहितो की माझा सी प्रोग्रॅम चालत नाही, आणि पहिली ओळ टाकतो : हॅश, इन्क्लूड, लेस-दॅन, एसटीडीआयओ डॉट एच, ग्रेटर-दॅन. पानावर तुम्ही शिक्का मारून ठेवलाय. ब्राउझरला वाटतं हा कुठलातरी अनोळखी टॅग, आणि तो चक्क गिळून टाकतो. वाचणाऱ्याला दिसतं नुसतं हॅश इन्क्लूड, पुढे काही नाही. वर कोणीतरी त्याला सुनावतं, ‘बाळा, हेडर फाइलचं नाव लिही आधी!’ त्याने तर लिहिलं होतं. तुमच्या पानाने ते खाल्लं. म्हणजे एस्केप करणं ही चोरांसाठी केलेली खास तजवीज नाही. माणसाने जे लिहिलं ते तसंच दिसावं, एवढा साधा प्रामाणिकपणा आहे.

आणि हॅकर नसतोच असंही नाही. ४ ऑक्टोबर २००५ रोजी सॅमी कामकार नावाच्या १९ वर्षांच्या मुलाने, म्हणजे आपल्याच वयाच्या, मायस्पेसवर स्वतःच्या प्रोफाइलमध्ये एक स्क्रिप्ट बसवली. मायस्पेस बरेच टॅग गाळत असे, पण सगळे मार्ग बंद नव्हते. जो ते प्रोफाइल बघेल तो सॅमीचा फ्रेंड व्हायचा आणि स्क्रिप्टची प्रत त्याच्याही प्रोफाइलमध्ये जायची. सुमारे २० तासांत दहा लाखांहून जास्त लोक! त्याने हे गंमत म्हणून केलं होतं. पुढे २००७ मध्ये त्याला कोर्टात गुन्हा कबूल करावा लागला.

दुसरं उदाहरण तर थेट आपल्या विषयाचं. ट्विटमधला वेब पत्ता ओळखून त्याची आपोआप लिंक बनवणारा कोड म्हणजे कामाने हेल्परच की. २१ सप्टेंबर २०१० रोजी लोकांनी पत्त्यात ॲट-चिन्ह आणि कोटेशन मार्क घालून त्या कोडला फसवलं. कोटेशन मार्कमुळे पत्ता मधेच संपला आणि पुढचा मजकूर लिंकला दिलेली सूचना बनला : माउस वर आला की हे कर. नुसता माउस फिरवला की ट्विट आपोआप पुढे जायचं किंवा भलतंच पान उघडायचं. ब्रिटनच्या माजी पंतप्रधानांच्या पत्नी सारा ब्राऊन यांच्या खात्यालाही त्याचा फटका बसला. ट्विटरने त्याच दिवशी भोक बुजवलं. पण मला खटकते ती पुढची गोष्ट. ट्विटरनेच सांगितलं, की हीच चूक महिन्याभरापूर्वी सापडून दुरुस्त झाली होती आणि साइटच्या नव्या बदलात नकळत परत आली. एवढ्या मोठ्या कंपनीत असं होऊ शकतं, तर सीनियरकडून ज्युनियरकडे पेनड्राइव्हवर उतरणाऱ्या आपल्या प्रोजेक्टचं काय? शिक्का कोणी मारला, का मारला, हे विचारायला तो सीनियर तेव्हा कॅम्पसमध्ये नसतो. कोड मात्र असतो.

तक्रार नोंदणीचं ते पान आपले रेक्टर सर स्वतःच्या लॉगिनने उघडणार आहेत हे लक्षात घ्या. तक्रारीच्या मजकुरात कोणी स्क्रिप्ट घुसवली तर ती त्यांच्या ब्राउझरमध्ये, त्यांच्या अधिकाराने चालेल. तक्रारी परस्पर ‘झाली’ म्हणून हिरव्या होऊ शकतील. मग गळक्या नळाची तक्रार करणाऱ्याने काय करायचं?

काही जणांचं म्हणणं असतं की मग शिक्काच काढून टाका, एचटीएमएल_सेफ वापरायचंच नाही. हेही मला पटत नाही. कधीकधी तो योग्य असतो, उदाहरणार्थ मजकूर पूर्णपणे तुम्हीच कोडमध्ये लिहिलेला असेल आणि बाहेरचं एकही अक्षर त्यात नसेल तेव्हा. वापरणाऱ्यांना ठळक, तिरपं असे मोजके टॅग द्यायचे असतील तर ‘सॅनिटाइझ’ आहे. तो यादीतले टॅग ठेवतो, बाकीचे काढतो. आणि एस्केप हा काही रामबाण नाही. कोणी ‘माझी वेबसाइट’ म्हणून दिलेल्या पत्त्याची ‘लिंक_टू’ने लिंक केली आणि तो पत्ता जावास्क्रिप्ट या शब्दाने सुरू होत असेल, तर एस्केप करूनही धोका राहतो. म्हणजे फ्रेमवर्क कितीही शहाणं असलं तरी ‘हे कोणी लिहिलंय?’ हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो.

नावांबद्दलही बोलायलाच हवं. फेसबुकने २०१३ मध्ये खुल्या केलेल्या रिॲक्टमध्ये हाच शिक्का आहे, पण त्याचं नाव ‘डेंजरसली सेट इनर एचटीएमएल’ असं लांबलचक आणि भीतीदायक ठेवलंय. लिहितानाच हात अडखळतो. रेल्सने त्याला ‘सेफ’ म्हटलं. माझ्या मते रिॲक्टवाल्यांना माणसाचा स्वभाव जास्त कळला. ज्या गोष्टीत धोका आहे तिच्या नावातच तो दिसावा. आपल्याकडे डीपीवर कवटी आणि हाडं काढून ‘सावधान’ लिहितात. ‘सुरक्षित’ लिहिलं असतं तर?

शेवटी स्टाफला एक विनंती. प्रोजेक्टच्या ओरलमध्ये ‘रेल्स म्हणजे काय’, ‘एमव्हीसी समजावून सांगा’ हे विचारताच. त्याबरोबर एकच करा. आमचा कोड उघडायला सांगा, त्यात एचटीएमएल_सेफ आणि रॉ शोधायला लावा, आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, ‘हा मजकूर कोणी लिहिला? हमी तुम्ही का दिलीत?’ उत्तर देता आलं तर मार्क, नाही आलं तर कापा. जँगोवाल्यांकडे ‘मार्क_सेफ’ शोधा, लॅरावेलवाल्यांकडे दोन उद्गारचिन्हांचा कंस. हा प्रश्न एका बॅचला विचारला गेला की दुसऱ्या बॅचला हॉस्टेलवर रात्रीच कळतो, हे आपण सगळे जाणतोच. आमच्यातले निदान निम्मे तरी त्या रात्री पहिल्यांदा स्वतःचा कोड वाचतील.

आणि मित्रांनो, तुम्हाला एवढंच. पुढच्या वेळी लाल पट्टीऐवजी टॅग दिसले तर घाबरू नका आणि लगेच डॉटही टाकू नका. व्ह्यू सोर्स उघडा, क्लास विचारा, मजकूर कुठून आला ते शोधा. पंधरा मिनिटं जास्त जातील. मेसचा रस्सा थोडा गार होईल, चालेल. शिक्क्याखाली सही आपली असते, ती वाचल्याशिवाय करायची नाही, एवढं तर घरातले आजोबाही सांगतात.